मैदानाबाहेरचा सूत्रधार

१९२७ सालच्या जानेवारी महिन्यांत, २२ तारखेस, लंडनमधील हायबरीच्या मैदानावर आर्सेनल व शेफील्ड युनायटेड या दोन संघांचा फूटबॉलचा सामना झाला. प्रत्येक संघानें एकेक गोल केला व सामना बरोबरींत सुटला. केवळ खेळ म्हणून त्याची आठवण कोणी ठेवली नसती. परंतु ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशननें त्या दिवशीं सामन्याचें धांवतें वर्णन ध्वनिक्षेपित केलें, आणि लीगचा फूटबॉल सामना घरबसल्या ऐकावयास मिळण्याचा इंग्लंडांतील तो पहिलाच प्रसंग ठरला. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकानें मैदानाचा नकाशा आंकडे घातलेल्या चौकोनांत विभागून छापला होता. एक गृहस्थ खेळाचें वर्णन करी आणि चेंडू कोणत्या चौकोनांत आहे त्याचा आंकडा दुसरा आवाज मागून उच्चारी. श्रोता नकाशावर बोट ठेवून खेळाचा माग काढी.

त्या दिवशीं श्रोत्यांना चेंडूचा ठावठिकाणा समजला, गोल करणाऱ्या बकनचें नांव समजलें, प्रेक्षकांचा जयघोषहि ऐकूं आला. परंतु आर्सेनलचे अकरा खेळाडू ज्यानें निवडले, प्रत्येकाची जागा ज्यानें नेमून दिली आणि खेळाचा सारा आराखडा ज्याच्या डोक्यांतून निघाला, त्या माणसाचें काम कोणत्याहि चौकोनांत दाखविण्यासारखें नव्हतें. त्याचें नांव हर्बर्ट चॅपमन.

संस्कृत नाटकांतील सूत्रधार आरंभीं रंगभूमीवर येतो, प्रयोगाची मांडणी करून देतो आणि निघून जातो. फूटबॉलच्या मैदानालाहि असा सूत्रधार असूं शकतो, ही कल्पना चॅपमनपूर्वीं इंग्लंडांत फारशी रुजलेली नव्हती. क्लबाचा मॅनेजर म्हणजे बहुतेक ठिकाणीं एक चिटणीसच असे. पत्रव्यवहार, हिशेब, प्रवासाची व्यवस्था हीं त्याचीं कामें. संघांत कोणास घ्यावयाचें हें बहुधा संचालक ठरवीत आणि खेळ कसा खेळावयाचा हें कॅप्टन व खेळाडू आपापल्या समजुतीप्रमाणें पाहत. चेंडूला पाय न लावणाऱ्या माणसाला विजयाच्या श्रेयाचा वांटा मागण्याचा अधिकार आहे काय, असा प्रश्न त्या काळीं कोणी विचारला असता, तर बहुतेकांनीं 'नाहीं' म्हणूनच उत्तर दिलें असतें. चॅपमनच्या सत्तावीस वर्षांच्या कारकीर्दीनें हें उत्तर बदललें.

चॅपमनचा जन्म १८७८ च्या जानेवारींत यॉर्कशायर परगण्यांतील किव्हटन पार्क या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. बाप खाणींत काम करणारा. मुलगा मात्र हुशार निघाला आणि शेफील्ड येथें खाणकामाच्या एंजिनिअरिंगचें शिक्षण घेऊं लागला. फूटबॉलचा नाद होताच. परंतु खेळाडू म्हणून त्याची गणना कधींच पहिल्या प्रतींत झाली नाहीं. त्याचा भाऊ हॅरी हा शेफील्ड वेन्सडे संघाकडून खेळून खूप नांवाजला. हर्बर्ट मात्र एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे फिरत राहिला. टॉटनहॅम संघांत असतांना तो पिवळ्या रंगाचे बूट घालून खेळे व त्यामुळें लोकांच्या नजरेंत भरे, एवढीच त्याच्या खेळाची खूण मागें राहिली. १९०७ सालीं खेळ सोडून एंजिनिअरच्या धंद्यांत शिरण्याच्या बेतांत तो होता. इतक्यांत नॉर्थॅम्प्टन टाउन या क्लबाची जागा त्याच्यासमोर आली. ती मुळांत वॉल्टर बुल नांवाच्या त्याच्या सहकाऱ्यास देऊं केलेली होती. त्यानें स्वतः न जातां चॅपमनचें नांव सुचविलें.

नॉर्थॅम्प्टनचा संघ त्या वेळीं सदर्न लीगच्या तळाशीं होता. चॅपमननें तेथें एक साधीच गोष्ट हेरली. जो संघ एकसारखा हल्लाच करीत राहतो, त्याच्या पाठीमागची जागा मोकळी पडते. तेव्हां आपण थोडें मागें सरावें, प्रतिपक्षास पुढें येऊं द्यावें आणि त्यानें मागें टाकलेल्या मोकळ्या जागेंत झपाट्यानें शिरावें. गनिमी काव्याचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला ही युक्ति नवी वाटणार नाहीं. परंतु धडाडीनें पुढें जाणें हेंच शौर्य मानणाऱ्या इंग्लिश फूटबॉलला ती नवी होती. खेळाडूंना एकत्र बसवून सामन्याविषयीं विचारविनिमय करण्याचा प्रघातहि त्यानें तेथें पाडला. दोनच वर्षांत, १९०९ सालीं, तळाशीं असलेला तो संघ सदर्न लीगचा विजेता झाला.

१९१२ सालीं तो लीड्स सिटी या क्लबाकडे गेला. तो क्लबहि त्यानें दुसऱ्या विभागांत चौथ्या क्रमांकापर्यंत वर आणला. इतक्यांत पहिलें महायुद्ध सुरू झालें. लीगचे सामने थांबले, आणि १९१६ पासून चॅपमन लीड्सजवळील बार्नबो येथील तोफगोळ्यांच्या कारखान्यांत व्यवस्थापनाचें काम पाहूं लागला. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं एक आरोप पुढें आला. युद्धकाळांत या क्लबानें पाहुण्या खेळाडूंना नियमाविरुद्ध पैसे दिले, असें चौकशी करणाऱ्यांचें म्हणणें होतें. क्लबानें हिशेबाचे कागद हजर केले नाहींत. परिणामीं क्लब लीगमधून काढून टाकण्यांत आला, त्याच्या खेळाडूंचा एका हॉटेलांत लिलाव झाला आणि चॅपमनवरहि बंदी आली. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, कांहीं काळ, फूटबॉलशीं त्याचा संबंध तुटला. पैसे दिले गेले त्या वेळीं आपण कारखान्यांत होतों, हा त्याचा बचाव पुढें मान्य झाला व बंदी उठली. परंतु त्याच्या चरित्रांतील हें प्रकरण झांकून ठेवण्यासारखें नाहीं. यशाची इमारत एका सहीनें कशी कोसळते, याचा अनुभव त्यास ऐन उमेदींत मिळाला.

१९२१ सालीं हडर्सफील्ड टाउन या क्लबाचा कारभार त्याच्याकडे आला. हडर्सफील्ड हें लोंकरीच्या गिरण्यांचें गांव. तेथील लोकांचें प्रेम फूटबॉलपेक्षां रग्बीवर अधिक. दोनच वर्षांपूर्वीं पैशाच्या अडचणीमुळें हा क्लब उचलून लीड्स येथें नेण्याची भाषा चालली होती. अशा क्लबानें १९२२ सालीं असोसिएशनचा चषक जिंकला आणि १९२४ सालीं लीगचें विजेतेपदहि मिळविलें. तें विजेतेपद किती थोडक्यांत मिळालें हें पाहण्यासारखें आहे. हडर्सफील्ड व कार्डिफ सिटी या दोघांचे गुण सारखेच, म्हणजे सत्तावन्न, झाले. अशा वेळीं केलेल्या गोलांस खाल्लेल्या गोलांनीं भागावें असा त्या काळचा नियम होता. हडर्सफील्डचे साठ गोल व त्याच्यावर झालेले तेहतीस. कार्डिफचे एकसष्ट व चौतीस. भागाकार केला तेव्हां हडर्सफील्ड चोवीस-सहस्रांशांनीं पुढें निघालें. दुसऱ्या वर्षीं विजेतेपद पुन्हां त्यांच्याकडेच राहिलें.

याच सुमारास लंडनच्या आर्सेनल क्लबानें मॅनेजरच्या जागेसाठीं जाहिरात दिली. खेळाडूंच्या खरेदीवर भरमसाट पैसा खर्चूनच चांगला संघ उभारतां येतो असें ज्यास वाटतें, त्यानें अर्ज करूं नये, असा तिचा आशय होता. आर्सेनल त्या हंगामांत बावीस संघांत विसावें आलेलें होतें. तिसऱ्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेला संघ सोडून चॅपमननें हा विसाव्या क्रमांकाचा संघ पत्करला. वार्षिक पगार दोन हजार पौंड. यश मिळावयास पांच वर्षें लागतील, असें त्यानें प्रथमच सांगून टाकलें होतें म्हणतात.

त्याच वर्षीं, १९२५ च्या उन्हाळ्यांत, ऑफसाइडचा नियम बदलला. पूर्वीच्या नियमाप्रमाणें, पुढें असलेल्या खेळाडूकडे चेंडू टाकला जातांना तो खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्यें प्रतिपक्षाचे किमान तीन गडी असावे लागत. गोलकीपर हा त्यांतला एक. त्यामुळें दोन फुलबॅकांपैकीं एक जण चटकन चार पावलें पुढें सरकला, कीं हल्ला करणारा आपोआप नियमबाह्य ठरे. आणि अंदाज चुकलाच तरी मागें दुसरा फुलबॅक असे. या युक्तीनें खेळ वारंवार थांबूं लागला व प्रेक्षक कंटाळले. म्हणून तीनाच्या जागीं दोन असा बदल करण्यांत आला. परिणाम ताबडतोब दिसला. पहिल्या विभागांत आदल्या हंगामांत ११९२ गोल झाले होते. नव्या हंगामांत १७०३ झाले. हल्ला करणाऱ्यांना रान मोकळें मिळालें आणि बचाव करणारे गोंधळून गेले.

या गोंधळाचा फटका आर्सेनललाहि बसला. ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं न्यूकासल येथें त्यांचा सात गोलांनीं फडशा पडला. चार्ल्स बकन हा चौतीस वर्षांचा अनुभवी खेळाडू चॅपमननें नुकताच घेतलेला होता. सौद्याची अट मोठी गमतीची होती: रोख दोन हजार पौंड, आणि पहिल्या हंगामांत तो करील त्या प्रत्येक गोलामागें शंभर पौंड. या बकनचें म्हणणें असें, कीं सेंटर हाफनें मैदानाच्या मध्यावर न हिंडतां दोन फुलबॅकांच्या मधोमध ठाण मांडावें. त्या पराभवानंतर चॅपमननें तें मान्य केलें. परंतु एक माणूस मागें घेतला कीं मध्यें खिंडार पडतें. तें बुजविण्यासाठीं पुढच्या फळींतील एक गडी मागें आणला. दोनच दिवसांनीं आर्सेनलनें वेस्ट हॅमला चार गोलांनीं हरविलें.

मूळ सूचना बकनची होती. इतरत्रहि कांहीं संघ तसे प्रयोग करूं लागले होते. चॅपमनचें श्रेय हें, कीं त्यानें या एका सूचनेची पुढील कांहीं वर्षांत पूर्ण पद्धति बनविली. बाजूंनीं धांवणाऱ्या प्रतिपक्षीयांवर फुलबॅकांनीं नजर ठेवावी, मधला मार्ग सेंटर हाफनें रोखावा, पुढच्या फळींतील आंतल्या बाजूचे दोघे मागें येऊन चेंडू पुढें पोंचवावा, आणि पुढें राहिलेल्या तिघांनीं वेगानें तुटून पडावें, अशी ही रचना होती. वरून पाहिल्यास पुढच्या पांचांची आकृति इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी व मागच्या पांचांची एम अक्षरासारखी दिसे, म्हणून त्या दोन अक्षरांचेंच नांव या रचनेस पडलें. पुढें कित्येक वर्षें निरनिराळ्या देशांत फूटबॉल याच आकृतींत खेळला गेला.

पद्धति ठरली, तरी प्रत्येक जागेस योग्य माणूस हवा. चॅपमननें केटरिंगसारख्या लहान गांवाच्या संघांतून एडी हॅपगुड आणला. एक्झिटरहून सतरा वर्षांचा क्लिफ बॅस्टिन आणला. ऑस्वेस्ट्रीहून हर्बी रॉबर्ट्स आणून त्यास मधल्या बचावाची जागा दिली. प्रेस्टनहून आलेला बुटका स्कॉटिश खेळाडू ॲलेक्स जेम्स हा तर या सर्व यंत्राची कळ ठरला. १९२८ सालीं बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठीं आर्सेनलनें दहा हजारांहून अधिक पौंड मोजले. दहा हजारांचा आंकडा ओलांडणारा हा पहिलाच सौदा होता. या सौद्याच्या बैठकींत चॅपमननें हॉटेलच्या नोकरास आगाऊ सांगून ठेवलें होतें कीं, पाहुण्यांच्या पेल्यांत मद्य दुप्पट असावें आणि आपल्या पेल्यांत मुळींच नसावें, अशी एक कथा सांगतात. भरमसाट पैसा न खर्चणारा मॅनेजर मागणाऱ्या जाहिरातीचें पुढें काय झालें, हें यावरून दिसतेंच. मात्र ज्यांच्यासाठीं असे हजारों पौंड एका क्लबाकडून दुसऱ्याकडे जात, त्या खेळाडूंना हंगामांत आठवड्यास आठ पौंडांहून अधिक पगार नियमानें मिळूं शकत नसे. या धंद्यांतील ही विषमता चॅपमननें निर्माण केलेली नव्हती. पण तिचा पुरेपूर लाभ त्यानें घेतला.

यश सहजासहजीं आलें नाहीं. १९२७ च्या चषकाच्या अंतिम सामन्यांत आर्सेनलचा गोलकीपर डॅन लुईस याच्या हातांतून साधा चेंडू निसटला आणि कार्डिफनें तो चषक वेल्समध्यें नेला. अखेर २६ एप्रिल १९३० रोजीं, सांगितलेल्या पांच वर्षांच्या मुदतींत, वेम्ब्ले येथें आर्सेनलनें चषक जिंकला. समोर प्रतिस्पर्धी होता तो हडर्सफील्ड, चॅपमननेंच वाढविलेला संघ. त्याच्या मानार्थ दोन्ही संघ बरोबरीनें मैदानांत आले. सामना चालूं असतांना 'ग्राफ झेपेलिन' हें प्रचंड जर्मन विमान डोक्यावरून गेलें. जेम्स व लॅम्बर्ट यांनीं एकेक गोल करून सामना जिंकला. पुढच्याच हंगामांत आर्सेनलनें सहासष्ट गुण व १२७ गोल करून लीग जिंकली. लीगचें विजेतेपद दक्षिण इंग्लंडांत येण्याची ही पहिलीच वेळ.

याच वैभवाच्या काळांत, १९३३ च्या जानेवारींत, तिसऱ्या विभागांतील वॉल्सॉल या लहानशा संघानें आर्सेनलला चषकाच्या स्पर्धेंतून बाहेर काढलें. नेहमींचे कांहीं खेळाडू आजारी व जखमी होते, म्हणून राखीव गडी घ्यावे लागले होते. त्यांपैकीं टॉमी ब्लॅक यानें आडदांडपणा करून पेनल्टी ओढवून घेतली. आठवडा उलटण्यापूर्वींच चॅपमननें त्यास प्लिमथच्या क्लबाकडे धाडून दिलें. खेळाडूंची पित्याप्रमाणें काळजी वाहणारा हा माणूस शिस्तीच्या बाबतींत असा कठोर होई. मात्र त्या पराभवानें संघ खचला नाहीं. त्याच हंगामाचें लीग-विजेतेपद आर्सेनलनेंच मिळविलें.

चॅपमनची दृष्टि केवळ अकरा खेळाडूंपुरती नव्हती. प्रेक्षकांना खेळाडू ओळखतां यावेत म्हणून १९२८ सालीं त्यानें त्यांच्या पाठीवर आंकडे घातले. लीगनें ते सक्तीचे केले १९३९ सालीं. मैदानावर पंचेचाळीस मिनिटांचें घड्याळ बसविलें. असोसिएशननें हरकत घेतली तेव्हां त्याचें साधें बारा तासांचें घड्याळ केलें. विजेच्या प्रकाशांत चाललेला खेळ पाहून त्यानें हायबरीवर दिवे लावविले. परंतु लीगचा पहिला सामना दिव्यांखालीं झाला तो १९५६ सालीं. तांबड्या सदऱ्यास पांढऱ्या बाह्या त्यानेंच जोडल्या. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाचें गिलेस्पी रोड हें नांव बदलून १९३२ सालीं तें 'आर्सेनल' करविलें. पुढें २००६ सालीं हायबरीचें मैदान बंद झालें, तरी स्टेशनाचें नांव तेंच राहिलें. इंग्लंडचा राष्ट्रीय संघ तेव्हां एक समिति निवडीत असे. १९३३ च्या मे महिन्यांत तो संघ इटली व स्वित्झर्लंड येथें गेला तेव्हां चॅपमन त्याच्याबरोबर होता, पण अधिकाराविना. इंग्लंडनें आपल्या संघास मॅनेजर नेमला तो १९४६ सालीं.

१९३४ च्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं चॅपमन बरी येथें एक सामना पाहण्यास गेला. दुसऱ्या दिवशीं शेफील्ड येथें आपल्या पुढील प्रतिस्पर्ध्यांचा खेळ त्यानें पाहिला आणि रात्र आपल्या जन्मगांवीं काढली. परतला तो सर्दी घेऊन. डॉक्टरांचा सल्ला न जुमानतां बुधवारीं तो गिल्डफर्ड येथें गेला; तेथें आर्सेनलचा तिसरा संघ, म्हणजे अगदीं नवीं पोरें, खेळत होता. सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीच्या पहांटे हेंडन येथील राहत्या घरीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्याचें निधन झालें. त्याच दिवशीं दुपारीं शेफील्ड वेन्सडेशीं हायबरीवर सामना ठरलेला होता. तो झाला. दोन्ही संघ आरंभीं स्तब्ध उभे राहिले आणि मग चेंडू हलला. सामना एकेक गोलाच्या बरोबरींत सुटला.

चॅपमन गेला, त्याचें यंत्र चालूंच राहिलें. त्या हंगामांत जो शॉ यानें संघाची धुरा सांभाळली व विजेतेपद राखलें. नंतर जॉर्ज ॲलिसन मॅनेजर झाला. हा क्लबाचा संचालक, आणि १९२७ च्या चषकाच्या अंतिम सामन्याचें वर्णन नभोवाणीवरून करणाऱ्यांपैकीं एक. १९३५ सालीं आर्सेनलनें सलग तिसऱ्यांदां लीग जिंकली. त्यापूर्वीं असा तिहेरी विजय इंग्लंडांत एकाच क्लबाच्या वांट्यास आला होता, तो १९२४ ते १९२६ या काळांत हडर्सफील्डच्या. दोन्ही संघ चॅपमनचे. आणि दोन्ही वेळां तिसरें विजेतेपद पाहण्यास तो तेथें नव्हता. एकदां तो नोकरी सोडून गेला होता, दुसऱ्यांदां हें जगच.

चेंडूला पाय न लावणाऱ्याचें श्रेय मोजावें कसें, या प्रश्नाचें उत्तर या दोन तिसऱ्या विजेतेपदांत सांपडतें. ज्याच्या हजेरींतच संघ जिंकतो तो हुकमत चालविणारा; ज्याच्या पश्चात् हि जिंकतो तो घडविणारा. शिल्पकार जेकब एप्स्टाइन यानें घडविलेला चॅपमनचा अर्धपुतळा हायबरीच्या दालनांत बसविण्यांत आला, आणि २०११ सालीं आर्सेनलच्या नव्या मैदानाबाहेर त्याचा पूर्णाकृति पुतळा उभा राहिला. पुतळ्याचें तोंड मैदानाकडे आहे. सूत्रधार बाहेर उभा आहे आणि आंत खेळ चालला आहे.